नारळ फुटल्यावर

दीपमालाला कशाची भीती वाटत नाही असं कुणी विचारलं असतं, तर तिला उत्तर शोधायला बराच वेळ लागला असता. एसटीची उंच पायरी, गॅसचा रेग्युलेटर, बँकेत काचेमागं बसलेला माणूस, पाल, मोठ्यानं बोलणारं कुणीही, आणि सासू. सासूला तर ती वीस वर्षं नेमानं भीत आली होती. अशी ही बाई एकोणचाळिसाव्या वर्षी नांदेडात एका बांधकामावर इंजिनियर म्हणून उभी होती. डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि हातात मोजपट्टी.

गाव तिचं लोह्याजवळचं. बारावी सायन्सला मार्क चांगले पडले होते, पण मार्कांच्या आधी स्थळ आलं. नवरा बालाजी भला माणूस, शेतात राबणारा, बोलायला महाग. पुढची सतरा वर्षं चूल, शेत आणि लेक तनुजा यांत गेली. तनुजा दहावीला हुशार निघाली आणि आमच्या मराठवाड्यात हुशार पोरींचं जे होतं तेच तिचं झालं. तिला डॉक्टर करायला लातूरच्या क्लासला टाकलं. पोरगी लातूरला गेली की आई मागोमाग जाते, खोली करते, डबा करते. दीपमालाही गेली. त्या गल्लीत दारोदार अशाच आया होत्या. पोरं सकाळी सहाला क्लासला गेली की या बायकांना दिवस खायला उठायचा. कुणी शेवया करायची, कुणी मोबाइलवर मालिका बघायची.

दीपमालानं एक दिवस भाजी आणायला जाताना तंत्रनिकेतनाच्या फाटकावरचा कागद वाचला. बारावी सायन्स झालेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. म्हणजे दोन वर्षांत इंजिनियर. तनुजाचीही दोनच वर्षं होती. ती कागदासमोर इतका वेळ उभी राहिली की वॉचमननं विचारलं, "कुणाला शोधून राहिलात, मावशी?" ती दचकून पळाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

तिनं नवऱ्याला फोनवर सांगितलं. मग तो म्हणाला, "कर. आईला नको सांगू." आईला भ्यायची त्या घरात रीतच होती.

वर्गातली पोरं तिला काकू म्हणायची. सुरुवातीचे सहा महिने ती शेवटच्या बाकावर बसून फक्त घाबरली, दुसरं काही केलं नाही. आणि घरात वेगळीच धास्ती. सासू केवळाबाई एकदा न सांगता लातूरला आली, डोक्यावर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं. खोलीत भिंतीला ड्रॉइंग बोर्ड टेकवलेला, त्यावर हातभर लांब पट्टी. म्हातारीनं पट्टीला बोट लावलं.

"हे काय गं?"

"तनुजाचं हाय, मामी," दीपमाला म्हणाली. सासूला ती मामीच म्हणायची.

"डाक्टरला चित्र काढाय लागतंय व्हय?"

तनुजा चहाचा कप खाली न ठेवता म्हणाली, "हाव, आज्जी. माणसाची हाडं काढाय लागतेत. मापात."

केवळाबाईनं एकदा नातीकडं बघितलं, एकदा सुनेकडं, आणि पिठाचं गाठोडं सोडायला घेतलं. दीपमालाची त्या दिवशी एकही भाकरी गोल आली नाही.

तिसऱ्या वर्षी ती एकदा नापास झाली. सिमेंटच्या कामात लोखंड कुठं घालायचं, त्या विषयाच्या तोंडी परीक्षेत. बाहेरून आलेल्या सरांनी गॅलरीची आकृती काढायला सांगितली. घराबाहेर नुसतीच पुढं आलेली, खाली खांब नसलेली गॅलरी. दीपमालानं आकृती काढली आणि सवयीनं जाड सळया तळाला दाखवल्या, खोलीच्या स्लॅबला असतात तशा. सरांनी कागद बराच वेळ बघितला. मग अगदी शांतपणे विचारलं, "ताई, या गॅलरीत तुम्ही उभ्या राहाल का?"

खांब नसलेली गॅलरी भारानं खाली झुकू बघते, तेव्हा तिचा वरचा भाग ताणला जातो. सळई वरच्या अंगाला असेल तर ती ताण धरते, तळाला असेल तर असून नसल्यासारखी. हे तिनं त्या संध्याकाळी रडत रडत पाठ केलं. सहा महिन्यांनी तो विषय सुटला. बाकीचं शिकलेलं किती टिकलं देव जाणे, पण एवढं मात्र तिच्या काळजावर कोरलं गेलं. माणूस बरोबर आलेलं विसरतो, चुकलेलं विसरत नाही.

तनुजाला नांदेडला आयुर्वेदाला प्रवेश मिळाला, आईला डिप्लोमा. आता सांगणं भाग होतं. केवळाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि आठ दिवस सुनेशी बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "पोरीसाठी चालले म्हणून गेलीस, अन् सोतासाठी गेलीस व्हय." दीपमाला मान खाली घालून उभी. "जा आता नांदेडला, पोरीजवळ रहा, कर नोकरी. तीन महिने बघू. पण घरावर एक जरी बोल आला, तर गुमान माघारी यायचं. लोकायनं हसावं असं मला चालणार न्हाई."

तीन महिने आणि एक बोल. नोकरी निवृत्तीराव नावाच्या कंत्राटदाराकडं मिळाली. त्यांनीही तीन महिनेच सांगितले होते. दीपमाला रोज रात्री झोपताना एक दिवस वजा करायची. बासष्ट दिवस निभावले. त्रेसष्टाव्या दिवशी सरस्वतीबाईंचा स्लॅब होता.

सरस्वतीबाई म्हणजे रिटायर झालेल्या नर्स. आयुष्यभर क्वार्टरमध्ये राहिल्या, आता स्वतःचं घर बांधत होत्या. स्लॅब म्हणजे आपल्याकडं अर्धं लग्नच. खाली मांडवात पन्नास माणसांचा स्वयंपाक, वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. मिस्त्रीला दस्ती म्हणजे रुमाल आणि टोपी असा आहेर. ईशान्येच्या कोपऱ्यात पूजा, नारळ, आणि नारळ फुटला की मालकिणीच्या हातचं पहिलं घमेलं त्याच कोपऱ्यात. एकदा नारळ फुटला की स्लॅब थांबवायचा नाही. थांबला तर त्या घराला काहीतरी होतं म्हणतात. काय होतं ते कुणी सांगत नाही, त्यामुळं जास्तच भीती वाटते.

निवृत्तीराव त्या दिवशी उदगीरला एका साखरपुड्याला गेले होते. "ग्यानोबा मिस्त्री हाय, तुम्ही हाव, काय होतंय?" असं म्हणून गेले. ग्यानोबा मिस्त्री साठीचा, चाळीस वर्षं स्लॅब टाकलेला माणूस. दीपमाला सकाळी सातलाच वर चढली होती. ईशान्येच्या कोपऱ्यालाच गॅलरी होती, पाच फूट बाहेर. तिनं सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतायला खाली बांधलेल्या साच्याच्या, पत्र्यापासून गॅलरीच्या सळयांची उंची मोजली. चार इंच. सळईखाली अख्खी मूठ जात होती. सळया वर धरायला वाकवलेल्या लोखंडाचे छोटे तुकडे, ज्यांना साइटवर चेअर म्हणतात, ते सगळे जागेवर होते. तिनं वहीत लिहिलं आणि तिला जरा हायसं वाटलं.

नऊ वाजता पूजेला माणसं वर यायला लागली. सरस्वतीबाई, त्यांच्या दोन नणंदा, पुतण्या, शेजारपाजारच्या बायका, त्यांच्या मागून आणखी बायका.

"मॅडम, लई माणसं वर घेऊन राहिलो आपण," ग्यानोबा हळूच म्हणाला. "जरा सांगा की त्यायला."

सांगायचं कुणी? मालकिणीला? दीपमालानं नुसतं हसून दाखवलं.

नारळ फुटला. सरस्वतीबाईंनी तिला हळदीकुंकू लावलं, ब्लाउजपीस दिला. "आमच्या इंजिनियर मॅडम," असं त्यांनी नणंदांना सांगितलं. या शब्दांनी दीपमालाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जन्मात पहिल्यांदा ती क्षणभर भ्यायची विसरली, आणि तिथंच घात झाला. पुतण्यानं मोबाइल काढला तशी तीच पुढं होऊन म्हणाली, "गॅलरीत या सगळ्या. तिकडं उजेड चांगला हाय." सतरा-अठरा बायका गॅलरीत दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. मधोमध दीपमाला. तिनं पुतण्याकडून तो फोटो मागून घेऊन लगेच नवऱ्याला पाठवूनही दिला, आईला दाखवा म्हणून.

माणसं खाली उतरली. मिक्सर सुरू झाला. दीपमाला पूजेची फुलं, करवंट्या वेचायला वाकली, कारण स्लॅबवर कचरा राहू द्यायचा नाही. नारळाची एक शेंडी सळईखाली अडकली होती. ती ओढायला तिनं बोट घातलं. बोट जाईना.

तिनं शेजारच्या सळईखाली घालून बघितलं. जाईना. तिनं मोजपट्टी लावली. अर्धा इंच. चेअर आडव्या झाल्या होत्या, आणि सळया पत्र्याला टेकल्यासारख्या बसल्या होत्या. त्या सळयांच्या मधोमध पत्र्यावर तिच्याच बुटांचे ठसे होते, हळदीकुंकवात उमटलेले.

सगळं एकदम डोक्यात आलं. नारळ फुटलाय. खाली पुऱ्या तळल्या जातायत. मालक उदगीरला. आणि हे कुणी केलं? आपणच बोलावलं सगळ्यांना. सांगायचं म्हणजे स्वतःच्या तोंडानं सांगायचं की नव्या मॅडमनी फोटोच्या हौसेपायी लोखंड तुडवलं. हा बोल लोह्याला पोचायला संध्याकाळ लागणार नव्हती. तीन महिन्यांतले सत्तावीस दिवस उरले होते.

न सांगितलं तर? तर काहीच नाही. अर्ध्या तासात वर सिमेंट पडेल आणि बापजन्मात कुणाला कळणार नाही. गॅलरी आज पडणार नाही. खाली टेकू आहेत. टेकू काढल्यावरही कदाचित पडणार नाही. कधीतरी दिवाळीत, एखादी मिरवणूक बघायला, सतरा-अठरा बायका पुन्हा इथं दाटीनं उभ्या राहतील. कुणाच्या कडेवर लेकरू असेल. दीपमालाला ते लेकरू दिसलं, त्याचं टोपडं दिसलं. आणि त्या सरांचा शांत आवाज आला. ताई, या गॅलरीत तुम्ही उभ्या राहाल का?

तोवर सरस्वतीबाई पुन्हा वर आल्या होत्या. पहिलं घमेलं त्यांच्या हाती. त्याला कुंकवाची बोटं ओढलेली, मागून तारामती नावाची मजूरबाई आधार देत होती. दीपमालानं "थांबा" म्हणायला तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही. घमेलं चार पावलांवर आलं, तीन पावलांवर आलं. मग तिला काय सुचलं कुणास ठाऊक, ती मटकन खाली बसली. गॅलरीत, सळयांवर, मांडी घालून.

"आगं बाई, चक्कर आली का?" सरस्वतीबाईंतली नर्स आधी जागी झाली.

दीपमालानं नाही म्हणून मान हलवली.

"मग उठा ना, मॅडम. माल घट्ट होईल."

"न्हाई." आवाज फुटला, पण तो तिचा वाटेना. "इथं टाकायचं न्हाई. सळया दबल्यात."

"आसं कसं दबतील?" ग्यानोबा पलीकडून आला. चेहऱ्यावर राग होता. काम त्याच्या हातचं होतं. "म्या सोता बांधल्यात."

"तुमचं बरोबर होतं, मिस्त्री. सकाळी मी मोजलं होतं. माझ्यामुळं दबल्या. मीच सगळ्यायला इथं उभं केलं फोटोला. तुमी सांगितलं होतं, मी सांगितलं न्हाई कुणाला." एवढं बोलून तिला रडू आलं, आणि पंचवीस मजुरांसमोर, मालकिणीसमोर ती सळयांवर बसून रडली.

ग्यानोबा उकिडवा बसला. त्यानं सळईखाली बोट घालून बघितलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. नवी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"दबलंय," तो म्हणाला. "मिक्सर बंद करा रे!"

मग जे व्हायचं ते झालं. सरस्वतीबाईंचा चेहरा उतरला. "नारळ फुटल्यावर थांबवतात का? अहो, चाळीस वर्षं नोकरी करून बांधतेय हे मी." नणंदा खालून ओरडायला लागल्या. एक म्हणाली, बायामाणसाला इंजिनियर केलं की असंच व्हायचं. दीपमाला उठली नाही. हे धाडस नव्हतं, उठून जायचं कुठं हेच तिला कळेना.

शेवटी ग्यानोबाच म्हणाला, "बाई, पहिलं घमेलं तिकडं जिन्यापाशी टाका. देव काय एकाच कोपऱ्यात बसतोय व्हय? स्लॅब थांबत न्हाई, तिकडून चालू करू. हिकडं येईपर्यंत मॅडम अन् मी सळया उचलून घेतो."

सरस्वतीबाईंनी घमेलं जिन्यापाशी टाकलं, पण दीपमालाकडं बघितलं नाही. पुढचे दोन तास ग्यानोबा, तारामती आणि दीपमाला एकेक सळई पहारीनं उचलत, चेअर पुन्हा बांधत राहिले. बांधायच्या तारेनं तिची बोटं कापली. तिनं मधेच निवृत्तीरावांना फोन लावला. साखरपुड्याचा गलका ऐकू येत होता.

"फोटोला कुणी उभं केलं म्हणलात?"

"मीच, साहेब."

"संध्याकाळी येतो," आणि फोन बंद.

जेवणाला चार वाजले. पुऱ्या वातड झाल्या होत्या. दीपमालानं पानातली पुरी तशीच ठेवली. सहाला निवृत्तीराव आले, वर गेले, स्लॅबभर फिरले. गॅलरी आता ओल्या सिमेंटखाली होती, बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी वही मागितली. सकाळी सात, चार इंच. पूजेनंतर, अर्धा इंच. कारण, माझ्या सांगण्यावरून माणसं उभी राहिली. दुपारी दीड, चार इंच. खाली दीपमालाची सही आणि शेजारी ग्यानोबाची. निवृत्तीरावांनी ते दोनदा वाचलं.

"हे लिहिलं कशाला? तोंडी सांगितलं होतं की मला."

दीपमालानं पेनाला टोपण लावलं.

"इथून पुढं पूजा खाली, जिन्याच्या पायरीवर. वर एक माणूस चढता कामा नये. मी म्हणलो तरी." त्यांनी वही परत दिली आणि गाडीकडं निघाले. गाडीत बसता बसता म्हणाले, "उद्या सातला या. स्लॅबला पाणी मारायला माणूस नाही."

नोकरी राहिली की फक्त उद्याचा दिवस राहिला, हे तिला कळेना. ती मिक्सरशेजारी विटांच्या थप्पीवर बसली. तेवढ्यात फोन वाजला. नंबर नवऱ्याचा, आवाज सासूचा.

"फोटो बघितला," केवळाबाई म्हणाली. "पायात चप्पल सोडून बूट घातलास ते बेस केलं. अन् ह्यो फोन मी का लावला ठावं हाय का? तिथल्या मालकिणीच्या नणंदंचं म्हायेर आपल्या शेजारच्या गावचं हाय."

दीपमालानं डोळे मिटले. बोल संध्याकाळच्या आतच पोचला होता. "मामी," ती म्हणाली, "खरं हाय ते. माझ्यामुळंच झालं. मी येते माघारी."

"खरं हाय का? पन्नास माणसांत बसून म्हणलीस, माझं चुकलं म्हणून?"

"हाव."

मग म्हातारी म्हणाली, "वीस वर्षं झाली आमच्या घरात येऊन. एक डाव तरी म्हणलीस का गं, माझं चुकलं?"

दीपमाला खरंच म्हणाली नव्हती. प्रत्येक वेळी मान खाली घातली होती, गप्प राहिली होती, खोटं बोलली होती. भीतीपोटी.

"चुकलं, मामी," ती म्हणाली. "लातूरचा तो बोर्ड तनुजाचा नव्हता. माझा होता."

"म्हाईत हाय," केवळाबाई म्हणाली. "हाडं काढायला येवढी लांब पट्टी लागती व्हय? म्या तवाच वळखलं. तू कवा सांगतीस म्हणून वाट बघत हुते." आणि वर, "उद्या कामावर जायचंय न्हवं? मग जेव काहीतरी. अन् पोरीला सांग, आज्जीनं इचारलंय."